सरकार गैरहजर, शिक्षा मात्र बाईला

दिंडोरीला आमच्या गटाची बैठक होती. विषय होता अटक, तुरुंग आणि स्त्रियांचे हक्क. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, त्यामुळे बाया उशिरा आल्या. कोणी बागेतून थेट आलेल्या, कोणी नानाशीकडून जीपने. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला सहसा अटक करता येत नाही, चौकीत बाई पोलीस हजर हवी, वकील फुकट मिळतो, असे सगळे सांगून झाले. शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी विचारले, "ताई, आमच्या बांधाच्या दाव्यात एक तारीख चुकली. घरात सुनेचं बाळंतपण होतं, जाता आलं न्हाई. कोर्टानं एकतर्फी करून टाकलं. मग तुरुंगातली बाई सरकारवर दावा लावती अन् सरकारच येत न्हाई, तवा सरकारवर एकतर्फी का होत न्हाई?"

बायका हसल्या. मला मात्र पटकन उत्तर देता आले नाही. "सरकारचे वेगळे असते," असे काहीतरी मी पुटपुटले आणि बैठक संपली. घरी येताना वाटले, आपण चुकीचे बोललो. सरकारचे वेगळे का असावे? आणि वेगळे असेल तर ते कोणाच्या बाजूने वेगळे असावे? मावशींना द्यायचे राहिलेले ते उत्तर इथे लिहिते आहे.

एकतर्फी म्हणजे काय

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. दिवाणी दावे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालतात. प्रतिवादीला समन्स मिळाले की त्याने ३० दिवसांत आपले लेखी म्हणणे, म्हणजे कैफियत, द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तरीही कैफियत आली नाही तर आदेश ८, नियम १० प्रमाणे कोर्ट वादीच्या बाजूने निकाल देऊ शकते, किंवा योग्य वाटेल तो हुकूम करू शकते. प्रतिवादी पुकाराला हजरच झाला नाही तर आदेश ९ प्रमाणे दावा एकतर्फी चालतो. मावशींच्या बांधाचे असेच झाले.

सरकार प्रतिवादी असले तरी संहिता हीच. पण सरकारसाठी तिच्यात बरीच सोय केलेली आहे. दावा लावण्याच्या आधी कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीचे काम असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो, पण सरकारला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय तात्पुरता दिलासासुद्धा मिळत नाही. दावा लागल्यावर सरकारला खात्याखात्यांत पत्रव्यवहार करायला पुरेसा वेळ द्यायचा असतो. आणि एवढे करून सरकारवर हुकूमनामा झालाच, तरी कलम ८२ प्रमाणे त्याच्या अंमलबजावणीसाठी तीन महिने थांबायचे.

या सवलतींमागे एक विचार आहे आणि तो अगदीच फोल नाही. सरकारचा पैसा हा आपल्या सगळ्यांचा पैसा. एखाद्या कारकुनाने फाईल दाबली किंवा सरकारी वकिलाने समोरच्याशी संगनमत केले, म्हणून गावाची गायरान जमीन कोणा धनदांडग्याच्या घशात जाऊ नये. ते आपल्यालाही नको आहे. म्हणून जमिनीच्या आणि कंत्राटाच्या दाव्यात कोर्टाने सरकारला जरा वेळ दिला तर आपण समजून घेऊ.

पण कैदी स्त्रीची तक्रार म्हणजे कंत्राटाचे बिल नव्हे. तिला मारले असेल, तिचे औषध बंद केले असेल, तिचे तान्हे मूल दुधाशिवाय राहिले असेल, जामीन होऊनही तिला आत ठेवले असेल. इथे सरकारला दिलेली प्रत्येक तारीख तिला आत काढावी लागते. कलम ८० ची नोटीस नीट वाचून सरकारने दोन महिन्यांत चूक सुधारावी, हा त्या कलमाचा हेतू. प्रत्यक्षात काय होते ते सर्वोच्च न्यायालयानेच सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात २००५ साली सांगितले. बहुतेक नोटिशींना उत्तरच जात नाही, आणि गेले तर ते मोघम आणि टाळाटाळीचे असते. न्यायालयाने सर्व सरकारांना तीन महिन्यांत उत्तरासाठी जबाबदार अधिकारी नेमायला सांगितले. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे एकदा विचारून बघा.

ती गैरहजर असेल तर

आता दुसरी बाजू. वादी गैरहजर असेल आणि प्रतिवादी हजर असेल तर आदेश ९ प्रमाणेच दावा काढून टाकला जातो. दिंडोरी तालुक्यातली बाई नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे असे समजा. १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात. तिथून तिला कोर्टात आणायचे ते पोलिसांनी. पोलीस पार्टी मिळाली नाही, गाडी मिळाली नाही, सगळा बंदोबस्त निवडणुकीला गेला, ही कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. म्हणजे तिला हजर करायचे काम ज्या सरकारचे, त्याच सरकारविरुद्ध तिचा दावा. ती आली नाही तर रोजनाम्यात 'वादी गैरहजर' एवढीच नोंद होते. ती का आली नाही हे रोजनामा सांगत नाही. आणि सरकार आले नाही तर 'पुढील तारीख'.

पुराव्याचेही तेच. बांधाच्या दाव्यात मावशींकडे सातबारा असतो, साक्षीला शेजारी असतात. कैदी बाईकडे काय असते? तिची वैद्यकीय तपासणी तुरुंगाच्या रजिस्टरात, भेटीची नोंद तुरुंगाच्या रजिस्टरात, शिक्षेची नोंदही तिथेच. साक्षीदार म्हणजे बराकीतल्या बाकीच्या बाया, आणि त्यांच्याही जेवणाखाणाच्या आणि भेटीगाठींच्या किल्ल्या त्याच कर्मचाऱ्यांच्या हातात. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या कैदी स्त्रीचा मृत्यू झाला. अंडी आणि पाव हिशेबात कमी पडले, एवढ्यावरून वाद झाला होता. मारहाणीच्या आरोपावरून तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. पण त्याआधी, मंजुळासाठी छपरावर चढून ओरडणाऱ्या सुमारे दोनशे कैदी बायांवरच दंगलीचा गुन्हा दाखल झाला होता. आत राहून साक्ष देणे म्हणजे काय असते ते यावरून कळावे.

म्हणून सरकारचे खरोखरच वेगळे असायला हवे, पण ते उलट्या दिशेने. ज्याच्या हातात सगळी कागदपत्रे आहेत तोच गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावायला हवा. ही काही आपल्या चळवळीने काढलेली नवी कल्पना नाही. हातात असलेला पुरावा जो दडवतो त्याच्याविरुद्ध तो पुरावा होता असे कोर्ट मानू शकते, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे.

सरकार गप्प बसले तेव्हा दोनदा काय झाले

आपल्याच देशात याचे दोन दाखले आहेत. दोन्हींत सरकारने वेळेवर उत्तर दिले नाही आणि दोन्हींत न्यायालय हात बांधून बसले नाही.

पहिला बिहारचा. वर्षानुवर्षे खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेल्या कैद्यांच्या बातम्या जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने छापल्या. त्यांवरून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती हुसेनआरा खातून या कैदी स्त्रीच्या नावाने ओळखली जाते. बिहार सरकारला नोटीस गेली. १२ फेब्रुवारीला पुकारा झाला तेव्हा सरकारतर्फे कोणीही हजर नव्हते. न्यायमूर्ती भगवतींनी नोंदवले की, सरकार आलेले नाही, तेव्हा तूर्त वर्तमानपत्रातला मजकूर खरा धरूनच आम्हाला पुढे जावे लागेल. आणि त्यांनी कैद्यांना जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला. याच प्रकरणात पुढे उघड झाले की काही बाया आरोपीसुद्धा नव्हत्या. कोणी गुन्ह्याची बळी, कोणी साक्षीदार. 'संरक्षणासाठी' म्हणून त्यांना तुरुंगात ठेवले होते! त्यांनाही सोडायला लावले. सरकार हजर राहून तारखा मागत बसले असते तर त्या बाया आणखी किती दिवस आत राहिल्या असत्या?

दुसरा आपल्या मुंबईचा. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा कैदी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि पत्राचीच याचिका झाली. महाराष्ट्र सरकारला, तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या वरिष्ठांना नोटिसा निघाल्या. ठरल्या तारखेला त्यांचे प्रतिज्ञापत्र आलेले दिसत नाही. न्यायालयाने सरकारला वेळ दिला, पण नुसता वेळ दिला नाही. मधल्या काळात निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांनी तुरुंगात जावे, कैदी स्त्रियांशी दुसरे कोणीही हजर नसताना बोलावे आणि ऑगस्टअखेर अहवाल द्यावा, असा हुकूम केला.

हा हुकूम आपण पाठ करून ठेवावा असा आहे. सरकार उत्तर देत नाही ना, मग त्या बायांनाच विचारू. विचारायला बाई जाईल आणि तेव्हा तिथे शिपाई उभा राहणार नाही. त्या अहवालातून कळले की स्त्री-कैद्यांना कायद्याच्या मदतीची नीट व्यवस्थाच नव्हती. पुढे १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात जे हुकूम आले त्यांच्या जोरावर आपण आजही चौकीत भांडतो. बायांसाठी वेगळी कोठडी आणि तिथे स्त्री पोलिसांचाच पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या हजेरीत, अटक झाल्याबरोबर कायदा साहाय्य समितीला खबर, न्यायाधीशांनी अचानक कोठडी तपासणे, आणि मारहाण झाली असल्यास वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे मॅजिस्ट्रेटने स्वतः सांगणे.

नुसता एकतर्फी निकाल पुरेल का?

पण मावशींच्या प्रश्नाला 'हो, सरकारवर एकतर्फीच करा' एवढेच उत्तर देऊन मला थांबता येत नाही. एकतर्फी निकालाची नशा लवकर उतरते. सबळ कारण दाखवले की तो रद्द करून घेता येतो आणि सरकारला कारणे कधी कमी पडत नाहीत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बलराज तनेजा खटल्यात बजावले आहे की कैफियत आली नाही म्हणून डोळे मिटून निकाल देऊ नये, वादीचे म्हणणे मुळात सिद्ध होण्यासारखे आहे का ते कोर्टाने पाहावे. उद्या तुमच्या-माझ्यावर कोणी खोटा दावा लावला तर हाच नियम आपल्यालाही वाचवेल. तेव्हा त्याला नावे ठेवायचे कारण नाही. आपण पुराव्याची तयारी ठेवली पाहिजे.

दुसरे असे की एकतर्फी हुकूमनाम्यातून मिळाले तर पैसे मिळतील, तेही उशिरा. बाईला आज हवे असते ते औषध, बदली, भेट, सुटका. तिला आज उपयोग होईल तो तातडीच्या हुकुमाचा.

सरकार गैरहजर असताना काहीच होत नाही, ही स्थिती किती टोकाला जाऊ शकते हे अमेरिकेकडे पाहून कळते. तिथे कैदी १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली तुरुंग-अधिकाऱ्यांवर दावे लावतात. अधिकाऱ्यांनी मुदतीत उत्तर दिले नाही की कैदी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून 'प्रतिवादी आला नाही, निकाल द्या' अशी मागणी करतात. पण १९९६ साली तिथल्या संसदेने कैद्यांच्या दाव्यांना आळा घालणारा कायदा केला. त्यात लिहिले आहे की अधिकाऱ्याने उत्तर देण्याचा हक्क सोडून दिला तरी ती कबुली धरायची नाही, आणि उत्तर दाखल झाल्याशिवाय कैद्याला दाद द्यायची नाही. कोर्टाला दाव्यात तथ्य वाटले तर ते उत्तर द्यायला भाग पाडू शकते, एवढीच फट ठेवली आहे. म्हणजे शेजाऱ्याने गप्प बसले तर तो हरतो आणि तुरुंगाने गप्प बसले तर कैदी अडकतो. आपल्याकडे असा कायदा नाही. पण तारखांच्या सवयीने आपणही त्याच ठिकाणी जाऊन पोचतो.

दरवाजा कोणता ठोठवायचा

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. नुकसानभरपाईच्या साध्या दिवाणी दाव्यात सरकार 'सार्वभौम सत्ते'ची ढाल पुढे करते. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यापासून ही ढाल वापरात आहे. उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात मूलभूत हक्कांची याचिका केली तर ही ढाल चालत नाही. रुदुल साह निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात होता. त्याला १९८३ साली भरपाई मिळाली ती याचिकेतूनच. ओडिशाच्या नीलबती बेहेरा या आईने कोठडीत मेलेल्या मुलासाठी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९९३ साली दीड लाख रुपये भरपाईचा हुकूम झाला आणि ढाल चालणार नाही हे न्यायालयाने स्पष्ट केले. दिवाणी दावा लावायचाच असेल तर मुदत सांभाळा. बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईचा दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो.

आपण काय करायचे

कोर्टात भाषण देऊन भागत नाही, कागद लागतो. म्हणून गटांनी आतापासून काही सवयी लावून घ्याव्यात.

तालुक्यातली कोणतीही बाई अटकेत गेली की तिच्या नावाची वही सुरू करा. अटक कधी झाली, कोर्टापुढे कधी नेले, भेटीत ती काय म्हणाली, अंगावर खुणा दिसल्या का, हे सगळे तारखेसह लिहा. सहा वर्षांखालचे मूल तिच्याबरोबर आत असेल तर त्याचीही नोंद ठेवा.

विधी सेवा समितीकडे लगेच अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही वकील फुकट मिळतो आणि उत्पन्नाची अट नाही. म्हणजे कैदी बाईचा हक्क दुहेरी आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा आहे असे स्पष्ट लिहा. मग ३० दिवस नव्हेत, ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर तो नकारच पुढे कोर्टात दाखवता येतो.

बाईला तारखेला आणले नाही तर त्याच दिवशी वकिलांकडून लेखी अर्ज द्या, की वादी तुरुंगात असून तिला सरकारने हजर केलेले नाही. ही ओळ रोजनाम्यात गेलीच पाहिजे.

आणि सरकारने म्हणणे दिले नाही तर नुसती पुढची तारीख घेऊन परत येऊ नका. तीन गोष्टी मागा. एक, उत्तर येईपर्यंत बाईचे म्हणणे तूर्त खरे धरून तातडीचा हुकूम. दोन, कोर्टाने नेमलेल्या स्त्रीने तुरुंगात जाऊन तिच्याशी एकांतात बोलणे. तीन, रजिस्टरे, वैद्यकीय कागद आणि कॅमेऱ्याचे चित्रण ताबडतोब सीलबंद करणे. पहिल्या मागणीला १९७९ चा आधार आहे, दुसरीला १९८२ चा. वकील कुरकुरले तर त्यांना हे दोन खटले दाखवा.

कायद्यात बदलही मागायला हवा. कोठडी आणि तुरुंगातल्या वागणुकीच्या तक्रारींत कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस नको. सरकारची मुदत दिवसांत मोजलेली हवी. ती संपली की ज्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे होते त्याचे नाव हुकुमात यायला हवे. आज गैरहजर असते ते 'सरकार'. त्याला चेहरा नाही, त्यामुळे कोणाला लाजही वाटत नाही.

मावशी, तुमचा प्रश्न बरोबर होता. तारीख चुकली की तुमचा बांध गेला. तुम्ही का आला नाहीत हे विचारायलासुद्धा कोणी थांबले नाही. सरकारची तारीख चुकते तेव्हा निदान आत असलेल्या बाईला जाऊन विचारा, एवढेच आपले म्हणणे आहे. पुढच्या बैठकीला येताना तुमच्या त्या एकतर्फी हुकुमाची नक्कल घेऊन या. तोही रद्द होतो का, ते आपण बसून बघू.